मोहल्ल्याला छोटं अनुदान द्यायचं असेल तर मे महिन्याचे पैसे आधी बाजूला काढा

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या एका ताईंना वडिलांच्या स्मरणार्थ दरवर्षी पाच लाख रुपये वेगवेगळ्या मोहल्ल्यांतल्या रहिवाशांना द्यायचे आहेत. आपल्या भागातलं एखादं काम त्यांनी स्वतः ठरवावं आणि स्वतः करावं, अशी त्यांची इच्छा आहे. एकेका गटाला किती द्यावं, बहुतेक गटांची नोंदणी नसते तर पैसे कोणाच्या हाती द्यावेत, आणि ते कोणी खाणार नाही हे कसं पाहावं, असं त्यांनी विचारलंय. अमेरिकेतल्या भावालाही यात भर घालायची आहे.

ताई, तुम्ही तिसऱ्या प्रश्नाची सगळ्यात जास्त काळजी करताय असं पत्रावरून वाटलं. बरीच वर्षं याच कामात असल्यामुळे सांगतो, एवढ्या छोट्या रकमा खाल्ल्या जाण्याचं प्रमाण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ कमी असतं. गल्लीत पंचवीस हजारांचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो. पैसे वाया जातात ते वेगळ्याच वाटेने. जुलैत झाडं लागतात, ऑगस्टमध्ये फोटो निघतात आणि मेमध्ये तिथे नुसते ट्री गार्ड उभे असतात. ट्री गार्डच्या आत काडी.

म्हणून रकमेपासूनच सुरुवात करू. पाच लाखांत बारा गट धरा. प्रत्येकाला काम उभं करायला पंचवीस हजारांपर्यंत, म्हणजे तीन लाख. त्याच बारा गटांना पुढच्या उन्हाळ्यासाठी प्रत्येकी दहा हजार, म्हणजे एक लाख वीस हजार. हे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवायचे आणि दुसऱ्या कशालाही वापरायचे नाहीत. उरलेल्या ऐंशी हजारांत फिरणाऱ्या माणसाचा पेट्रोलचा खर्च, मानधन, बैठका आणि अचानक येणारं काहीबाही. अनेक देणगीदारांना शेवटचे दोन आकडे पटत नाहीत. "पाणी घालायला पैसे कशाला, लोकांनी एवढंही करू नये का?" असं ते विचारतात. करावं ना. पण नागपूरचा उन्हाळा श्रमदानावर निघत नाही.

हिशेब सांगतो. चाळीस रोपं लावली. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत दर तीन दिवसांनी प्रत्येकाला दहा लिटर पाणी धरलं तर एका फेरीला चारशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे दोन ड्रम. ते बोअरवरून भरायचे, हातगाडीवर ढकलायचे, बादलीने घालायचे. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असतो. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले आणि नंतर यंत्रच बिघडलेलं निघालं, पण तो आकडा पाहून नागपुरात फार कोणाला आश्चर्य वाटलं नव्हतं. अशात सुट्टीत गावाला गेलेली मंडळी सोडली तर ड्रम ढकलायला कोण उरतं? वस्तीतल्याच एखाद्या बाईला किंवा पोराला सकाळच्या तास-दीड तासाचे महिना अडीच-तीन हजार दिले की साडेतीन महिने निघतात. तुमचे दहा हजार तिथे लागतात. झाडं नसतील आणि दुसरं काही काम असेल तरी उन्हाळ्यात काहीतरी लागतंच. वाचनकट्ट्यावर सावलीची हिरवी जाळी लागते, पाणपोईला माठ आणि भरणारं माणूस लागतं.

आता वरची मर्यादा पंचवीस हजारच का? रक्कम लाखाच्या पुढे गेली की ठेकेदार येतो. ठेकेदार आला की त्याच्या ओळखीचा कार्यकर्ता येतो, मग फ्लेक्स, मग उद्घाटन, आणि ज्या बायांनी अर्ज केला होता त्या मागच्या खुर्च्यांवर. पंचवीस हजारांच्या कामात ठेकेदाराला रस नसतो. मिस्त्री वस्तीतला, वेल्डर नाक्यावरचा, रोपं ओळखीच्या नर्सरीतली. काम लोकांच्याच हातात राहतं. ज्या कामाला खरोखरच दोन-पाच लाख लागतात ते तुमच्या पैशाने करू नका. नाली, पथदिवा, गडर लाइन (सांडपाण्याची), डांबर ही मनपाची किंवा नागपूर सुधार प्रन्यासची (नासुप्र) कामं आहेत आणि त्यासाठी कर भरलेला आहे. शिवाय विधानसभेच्या आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटींचा निधी असतो. तुमच्या पाच लाखांनी त्याची बरोबरी कशाला?

अशा कामांचा पाठपुरावा करायला मात्र जरूर पैसे द्या. झोन ऑफिसच्या चकरांचं ऑटोभाडं, झेरॉक्स, फोटोंच्या प्रिंट, माहिती अधिकाराच्या अर्जाचे दहा रुपये. हजार-दोन हजारांत वर्षभराचा पाठपुरावा होतो आणि त्यातून लाखांची नाली येते. अनुदानाच्या यादीत हे कधी कोणी लिहीत नाही, कारण त्याचा फोटो येत नाही.

जागेचं सांगतो, कारण निम्मी भांडणं तिथे होतात. शहरात मनपाचे दहा झोन आहेत. त्यात काही ले-आऊट (प्लॉट पाडून वसलेल्या वसाहती) मनपाचे, काही नासुप्रचे. नासुप्र १९३६ च्या कायद्यातली संस्था, तिच्या ताब्यातल्या जागा शहरभर विखुरलेल्या. रहिवासी एका कार्यालयात गेले की दुसरीकडे पाठवतात आणि तिथून परत पहिल्याकडे. शहराच्या हद्दीबाहेर गेलात तर एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. मंजूर ले-आऊटमध्ये साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडलेली असते आणि नकाशावर ती दिसते. पण दक्षिण आणि पूर्व नागपूरचे कितीतरी ले-आऊट आधी वसले आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर नियमित होत गेले. तिथे विकणाऱ्याने दाखवलेली 'बगीच्याची जागा' नंतर प्लॉट पाडून विकलेली असू शकते. तेव्हा अर्जासोबत ले-आऊटच्या नकाशाची झेरॉक्स मागा आणि ती जागा कोणाच्या ताब्यात आहे हे संबंधित कार्यालयातून विचारून घ्या. नकाशा मिळत नसेल तर काम नाकारू नका, फक्त जमिनीत पाया जाणारं काही करू नका. कुंड्या, उचलता येणारे बाक, भिंतीवरचं रंगकाम, बांबूचे ट्री गार्ड एवढ्यावर थांबा. पाया खोदायचा असेल तर लेखी ना हरकत हवीच, आणि ती गटाने आणायची. तुम्ही आणून दिलीत तर पुढच्या वेळी त्यांना रस्ता माहीत नसतो.

मोकळ्या जागेवर मंदिर, विहार, छोटा दर्गा असा अर्ज येईल. थेट शब्दांत येणार नाही. 'ओटा' म्हणून येईल, 'झाडाभोवती पार' म्हणून येईल. सार्वजनिक रस्ते, उद्यानं, मोकळ्या जागा यांवर नवं अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. तो पहिल्याच बैठकीत शांतपणे वाचून दाखवा. नंतर सांगायला गेलात तर तुम्ही अमक्या धर्माच्या विरोधात आहात असं होतं.

पैसे कोणाच्या हाती द्यायचे? माझी पहिली पसंती महिला बचत गट. गटाचं बँक खातं असतं, दोघी-तिघींच्या सह्यांनी चालतं, दर महिन्याला बैठक होते, रजिस्टर असतं. नागरी उपजीविका अभियानात अशा गटांना दहा हजारांचा आणि वस्ती स्तर संघाला पन्नास हजारांचा फिरता निधी मिळत असे, त्यामुळे बाहेरचा पैसा घेऊन त्याचा हिशेब ठेवणं अनेकींना नवं नाही. मनपाच्या समाजविकास विभागातल्या समूह संघटिकांना विचारा, कोणता गट खरोखर बसतो आणि कोणता फक्त कागदावर आहे हे त्या दोन मिनिटांत सांगतात. एक पथ्य पाळा: अनुदानाचे पैसे गटाच्या कर्जाच्या हिशेबात मिसळू देऊ नका, वेगळी वही ठेवायला सांगा.

बचत गट नसेल तर वाचनालय, ज्येष्ठ नागरिक मंडळ, गृहनिर्माण संस्था. उत्सव मंडळांबद्दल माझं मत जरा मिश्र आहे. माणसं जमवणं, रात्रभर उभं राहणं, दारोदार वर्गणी मागणं हे त्यांच्याइतकं कोणाला जमत नाही. वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी रीतसर घेणारं आणि मागचा हिशेब सादर करणारं मंडळ असेल तर ते तुमच्या बऱ्याच रजिस्टर संस्थांपेक्षा सरळ समजा. पण मंडळाचं नाव मोठं आणि काम लहान असा प्रकार पुष्कळ होतो. त्यांना देताना वस्तीतल्या किमान दोन बाया सही करणाऱ्यांत असाव्यात, एवढी अट घाला. यावर ज्यांनी तोंड वाकडं केलं त्यांना पुढच्या वर्षी या म्हणायचं.

आणि यांपैकी काहीच नसेल तर पैसे देऊच नका, वस्तू द्या. गट कोटेशन आणतो, बिल तुमच्या नावाने फाटतं, तुम्ही दुकानदाराला थेट ट्रान्सफर करता, माल वस्तीत उतरतो. मजुरी आणि चिल्लर खर्चासाठी दोन हजारांचा अग्रिम, पावत्या आल्या की पुढचा. हे तुम्ही स्वतःच्या खात्यातून केलंत तर न्यास काढायचीही घाई नाही. पहिली दोन वर्षं तसंच करा. न्यास नोंदवला की सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्याप्रमाणे दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज, आयकराची वेगळी नोंदणी, हे सगळं मागे लागतं. करसवलतीची देणगी घ्यायची असेल किंवा कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी (सीएसआर) हवा असेल तर ते करावंच लागेल. सीएसआरसाठी तर एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ही नोंदणीही लागते. स्वतःचे पाच लाख वाटायला यातलं काही लागत नाही.

बिलांबाबत तुमचे सीए कदाचित म्हणतील की जीएसटीचं बिल हवंच. कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे ते नसतं आणि त्यात काही लबाडी नाही. मालाची विक्री वर्षाला चाळीस लाखांच्या आत, सेवा वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीच लागत नाही. साधी छापील पावती, नाव, मोबाइल, सही, एवढं पुरे. जीएसटीच्या हट्टापायी काम वस्तीतल्या माणसाकडून काढून मोठ्या दुकानाकडे जातं, आणि तोच वेल्डर पुढे बाक तुटला तर फुकट टाका मारून देणारा असतो.

अर्ज एका पानाचा ठेवा. मराठीत, हिंदीत, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलेला. नागपुरात वस्ती बदलली की भाषा बदलते, आणि जो चांगला अर्ज लिहितो तो चांगलं काम करतोच असं नाही. मी पाच गोष्टी विचारतो: काय करायचं, कुठे करायचं, वेगवेगळ्या पाच घरांतली पाच नावं, मे महिन्यात हे कोण सांभाळणार, आणि या कामाला कोणाचा विरोध आहे. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. 'कोणाचाच नाही' असं उत्तर आलं की समजावं, शेजाऱ्यांशी बोलणं अजून झालेलं नाही. बाकाला विरोध असतो, कारण रात्री पोरं बसून खर्रा थुंकतात. झाडाला विरोध असतो, कारण पानं गच्चीवर पडतात किंवा गाडी लावायची जागा जाते. विरोध करणाऱ्याचं नाव आणि कारण लिहून आलेला अर्ज मी डोळे झाकून पुढे काढतो.

एक उदाहरण जरा जवळून सांगतो, म्हणजे पैसे नेमके कुठे जातात ते दिसेल. नंदनवनकडच्या एका वस्तीत वळणावर कचऱ्याचा ढीग पडायचा. मनपा उचलायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. तिथल्या बायांना पेव्हिंग करून कुंड्या ठेवायच्या होत्या. आम्ही म्हटलं, आधी आठ दिवस कोण टाकतं ते फक्त बघा. निघालं असं की घंटागाडी साडेआठला यायची आणि वस्तीतल्या निम्म्या बाया धुणीभांड्याच्या कामाला सातलाच बाहेर पडायच्या. मग कचरा रात्री अंधारात कोपऱ्यावर. जमादार आणि ऐवजदारांशी (मनपाचे बदली सफाई कामगार) बसून बोलणं झालं, गाडीची फेरी उलटी फिरवली, ती आधी या गल्लीत आणि मग पलीकडे. खर्च शून्य. त्यानंतर कोपऱ्यावर उजेड हवा होता, म्हणून बल्ब. बल्ब किरकोळ, पण मीटर कोणाचं? नऊ वॅटचा बल्ब रात्रीचे बारा तास चालला तर महिन्याला सव्वातीन युनिट होतात. पैसे फुटकळच, तरी ज्याच्या मीटरवर तो जळतो त्याच्या घरात दिवाळीपर्यंत 'आपणच का' हा विषय निघतो आणि एक दिवस बल्ब बंद होतो. म्हणून अनुदानातून त्या घराला वर्षाचे पाचशे रुपये आगाऊ दिले, रजिस्टरात लिहून. उरलेल्यात शहाबादी फरशीचा ओटा, भिंतीला रंग, चार कुंड्या. पेव्हिंग झालंच नाही आणि कोणाला त्याची आठवणही नाही. सगळं मिळून अठरा हजारांच्या आत बसलं.

पेव्हिंगवरून आठवलं, गट्टूंचा (पेव्हिंगच्या ठोकळ्यांचा) मोह आवरा. सगळ्या वस्त्यांना गट्टू हवे असतात, कारण गट्टू बसले की काम झालेलं दिसतं. झाडाच्या बुंध्यापर्यंत गट्टू आणि सिमेंट आलं की पाणी मुरायला जागा राहत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, त्यानंतर तरी हे मागणाऱ्यांना समजावणं सोपं गेलं पाहिजे होतं. तसं झालं नाही. उलट जो तो आपल्या दारापुढचा भाग उंच करायला निघाला, म्हणजे पाणी शेजाऱ्याकडे. अशा अर्जांना स्पष्ट नाही म्हणा. ग्रीन जिमलाही, म्हणजे उघड्यावरच्या व्यायामाच्या यंत्रांनाही, नाहीच. वर्षभरात त्याचे बेअरिंग जातात, दुरुस्ती कोणाला येत नाही, आणि गंजलेल्या सळईने एखादं लेकरू जखमी झालं की जबाबदार कोण यावरून भांडण.

लोकांचा वाटा मागावा का? जरूर, पण रोखच हवा असं नाही. अमेरिकेतल्या सिएटल शहराने १९८८ मध्ये सुरू केलेल्या मोहल्ला निधीत लोकांच्या श्रमाचे तासही वाटा म्हणून धरले जातात. ते आपल्याकडे उत्तम चालतं. झोपडपट्टीतल्या गटाने दहा टक्के रोख भरावे ही अट घातलीत तर ते पैसे एखादा इच्छुक उमेदवार भरतो, आणि मग काम त्याचं होतं. तास, पाणी, वीज, चहा, हातगाडी हे सगळं लिहून घ्या. बंगल्यांच्या ले-आऊटकडून मात्र रोखच घ्या. तिथली मंडळी श्रमदानाला माळी पाठवतात.

हिशेबासाठी उपयोगिता प्रमाणपत्र, सीएचा शिक्का असलं काही मागू नका. शिक्क्याचेच दोन हजार जातात. काम जिथे झालं तिथल्या भिंतीवर रंगाने खर्च लिहायचा: आले किती, कशावर गेले, उरले किती. छोट्या फ्लेक्सवर नाही, भिंतीवरच. फ्लेक्स पहिल्या वादळात जातो. त्याखाली तुमच्या वडिलांचं नाव एका ओळीत चालेल. मग महिन्यातून एकदा, न सांगता, संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास चक्कर मारायची. सकाळी गेलात तर झाडलेलं दिसतं, संध्याकाळी वापर दिसतो.

वेळापत्रक नागपूरच्या ऋतूंप्रमाणे लावा, आर्थिक वर्षाप्रमाणे नाही. अर्ज एप्रिलमध्ये मागवा. उन्हात जागा पाहिली की सावली कुठे हवी हे सांगावं लागत नाही. मेमध्ये निवड, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस धरला की झाडांची कामं. बांधकामाची छोटी कामं दिवाळीनंतर. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही ठेवू नका, वस्ती मारबत, गणपती, देवीत गुंतलेली असते. उन्हाळ्याचे दहा हजार फेब्रुवारीच्या शेवटी, जाऊन पाहिल्यावरच. ज्यांची रोपं जगली त्यांना पाण्यासाठी, ज्यांची मेली त्यांना विचारून उन्हाळ्यातल्याच दुसऱ्या कामासाठी. मेली म्हणून पैसे परत घेऊ नका. तसं केलंत तर पुढच्या वर्षी तुम्हाला कोणी खरं सांगणार नाही.

राहिला भाऊ. त्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत त्यांनी दिलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत, त्यात अडचण नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर तुमच्या न्यासाला किंवा एखाद्या वस्तीच्या गटाला त्यांनी पाठवलेला रुपयाही परदेशी देणगी ठरतो आणि एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी नसताना तो घेणं गुन्हा आहे. नोंदणी असलेल्या एखाद्या मोठ्या संस्थेत पैसे घालून तिथून वस्त्यांना वळवता येतील, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करायला पूर्ण बंदी आहे. ती मोठी संस्था स्वतः खर्च करेल, पण मग निर्णय वस्तीचा राहत नाही. तेव्हा रक्कम ठरवायच्या आधी त्यांना फोन करून पासपोर्ट कोणता ते विचारून घ्या.